डाग काढलेलं वलय

आमचे मार्गदर्शक सर अकोल्याचे. मी अमरावतीत तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि पीएच.डी. झाल्याशिवाय कायमच्या नोकरीसाठी मला कुणी दारातही उभं करणार नव्हतं. म्हणून सहा वर्षं मी एसटीने अकोल्याला खेटे घातले. माझी प्रकरणं सरांच्या टीपॉयवर पडून असत. त्यांवर चहाच्या कपांचे ठसे उमटले, पण पानं काही उलटली गेली नाहीत.

विषय सोपा करून सांगते, सरांना सांगितला तसा. काही सर्पिल दीर्घिकांत केंद्राभोवती वायूचं वलय असतं. बाहेरून वायू वाहत येतो, दोन तोंडांतून त्यात शिरतो आणि तिथे तारे जन्मतात. आता ते कढईतल्या लाह्यांसारखे वाटेल तिथे फुटतात, की तोंडाशी जन्मून वलयात पुढे सरकत म्हातारे होत जातात? माझं म्हणणं दुसरं. पुरावा होता छायाचित्रांतले गुलाबी ठिपके. ठिपका दिसला, की तिथे नुकते जन्मलेले तारे. तोंडांशी ठिपके दाट होते, पुढे विरळ. सगळं ऐकून सर म्हणाले, "छान! ग्रहणावर पण एक चॅप्टर टाकून द्या."

प्रबंध छापून बांधून देणाऱ्याचं मूळ काम लग्नाचे अल्बम करण्याचं. पाच प्रती घ्यायला गेले तेव्हा तो खुशीत होता. "मॅडम, तुमच्या फोटोत बारीक-बारीक डाग होते ना, एक-एक करून सारे काढून टाकले. आता पाहा कसं साफ दिसून राहिलं!"

पान उघडलं. वलय नवरीच्या गालासारखं नितळ होतं. एकही तारा जन्मत नव्हता. मी त्याच्यावर ओरडले खरी, पण माझ्या चित्रांतला ठिपका न् ठिपका माझ्याखेरीज त्या एकट्यानेच पाहिला होता.

सरांना फोन केला. "मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या तुमी? आज शेवटची तारीख आहे. करा सबमिट. कोन पाहून राहिलं ते?" इतकं अचूक भाकीत सरांनी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

मौखिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. आधी कचोरी झाली, मग त्याच हातांनी प्रबंध चाळला गेला. विचारलं तर खरं सांगायचं, असं मी ठरवूनच गेले होते. वलयाच्या पानावर परीक्षक थांबले.

"तोंडाशी तरुण तारे, पुढे म्हातारे," कोऱ्या वलयावरून तेलकट बोट फिरवत ते म्हणाले. "चित्रात अगदी स्पष्ट दिसतंय. काय?"

सरांनी मान डोलावली. विभागप्रमुखांनीही डोलावली. त्या खोलीतल्या एकेकाची मला किळस आली.

"हो सर," मी म्हणाले, "अगदी स्पष्ट."