पणजोबांचं कार्ड घेऊन संभाजीनगरात

खून, फाशी, जुने खटले म्हटलं की माझे कान टवकारतात. घरचे म्हणतात, हिला कुठलाही किल्ला दाखवा, ही आधी कडेलोटाची जागा विचारणार. त्यामुळे संभाजीनगरचं ठरलं तेव्हा यादी तयारच होती: देवगिरीची अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट, आणि क्रांती चौकातला काळा चबुतरा. वैजापूरच्या आत्याला फोनवर सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "मला बी ने, मंजू. माझ्या आज्याला तिथंच लटकावलं म्हणत्यात. जागा तरी बघू दे."

आत्याचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा, आणि ही आमच्या घराची झाकली मूठ. निजामाच्या काळी बांधावरून भांडण झालं, शेजारी विहिरीत मेलेला सापडला, आणि यांना धरून नेलं. ते परत आलेच नाहीत, म्हणून फाशी झाली असं सगळ्यांनी धरलं. तेव्हापासून गावात आम्ही 'खुन्याच्या घरचे'. पितृपक्षात आमच्याकडे सगळ्यांची पानं वाढतात, त्यांचं मात्र कधीच नाही. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तो माणूस खरंच खुनी होता का, एवढंच तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

नाशिकहून समृद्धीने झटकन पोचता येतं, पण आत्याला घ्यायचं म्हणून मी येवल्यावरून जुना रस्ता धरला. कांद्याचे ट्रॅक्टर पुढे असले की घाई करून उपयोग नाही, चार-पाच तास धरून चाला. आत्या धपाटे, ठेचा आणि दह्याचा डबा घेऊन फाटकाशीच उभी होती. गाडी सुटताच तिने पिशवीतून एक कापडी पुडी काढली. आत पिवळं पडलेलं कार्ड होतं.

"तुरुंगातून आलतं," ती म्हणाली. "आमच्या घरात वाचणारं कोण? माझ्या आत्याचे यजमान आलते, येवल्याचे मास्तर. त्यांनी वाचलं. बरा झालो, यावं का, कळवणे."

घरच्यांनी अर्थ लावला तो असा: तुरुंगात आजारी पडला, बरा झाला, आता पळून यायचा बेत आहे. फरारी माणसाला घरात घ्यायला सगळेच भ्याले. उत्तर कुणी धाडलं नाही, आणि कार्ड जे देवघरात गेलं ते पुन्हा कुणी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगिरी. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, चांगले बूट घाला. आत्या खाली पेरूवाल्या बाईशी गप्पा मारत बसली आणि मी अंधारीत शिरले. वटवाघळांचा वास नाकात जातो, चार पावलांवर स्वतःचा हात दिसत नाही. आमचे वाटाडे म्हणाले, "शत्रू आत घुसला की त्याला आपला कोण अन् परका कोण कळायचं नाय. आपलेच आपल्यांना मारायचे." मी खूश होऊन खाली आले आणि आत्याला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "पेरू खा."

दुपारी काळा चबुतरा. सत्तावन्नच्या उठावातल्या शिपायांना इथे मारलं. गाडी लांब लावा आणि रस्ता जपून ओलांडा. आत्याने हात जोडले. मी म्हटलं, "अगं, हे पणजोबांच्या फार आधीचं आहे."

"आसू दे. त्यांचं बी कुणी घरी परत गेलं नसंल."

मीही हात जोडले.

जेवणात मी इथला मटणाचा नान-खलिया मागवला, आत्याने नाकाला पदर लावला. मग रिक्षाने औरंगपुऱ्यात गेलो. कार्डाच्या कडा झिजल्या होत्या, त्याला प्लास्टिकचं कव्हर हवं होतं. कागद-पेनांच्या एका दुकानात मी ते पहिल्यांदा नीट हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. 'आज बरी झालो. यावं का, कळवणे.'

"लिहिणाऱ्याचं व्याकरण बघ," मी हसत म्हटलं. "पुरुषमाणूस म्हणे बरी झालो. मास्तरांनी सुधारून वाचलेलं दिसतंय."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ पेनाची निब पारखत होते. दुकानदार त्यांना चाचा म्हणत होता. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा सारखा केला. "दिखाव बेटा." कार्ड वाचून ते आत्याकडे वळले. "अम्मा, हे बिमारीचं नाही. उर्दूत बरी म्हणजे सुटले. कोर्टानं सोडलं, गुन्हा साबित झाला नाही. हमारे यहाँ ऐसाच लिखते थे."

आत्या स्टुलावर बसली. "म्हंजे फाशी नाय?"

"नाही अम्मा. छूट गये थे."

"मग यावं का, हे..."

"घर आने का पूछ रहे थे जी."

तिने चाचांच्या हातून कार्ड परत घेतलं. मग म्हणाली, "अन् आमी काय बी कळवलं नाय." चाचांनी पाणी मागवलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. येवल्याचे मास्तर निदान निजामी हद्दीबाहेरचे होते, त्यांना उर्दू कोर्टाचा शब्द कुठून कळणार? मी तर जुने खटले चवीने वाचणारी, आणि मीही त्यांच्यासारखीच व्याकरणात अडकले.

पणजोबा पुढे कुठे गेले, ते कळलं नाही. कळेलसं वाटतही नाही. परतताना वैजापूरपर्यंत आत्याने ते कार्ड मांडीवर धरून ठेवलं. उतरताना माझ्या गालावरून हात फिरवला.

नाशिकला येऊन फोटो लावले, अंधारीचे सगळे काळेच आलेत. तुम्ही जरूर जा, शहर मायाळू आहे. पण काळ्या गोष्टींची माझी हौस जरा उतरली आहे. आता खटला वाचताना वाटतं, याच्या घरी कळवलं का कुणी?

सर्वपित्री अमावस्येला आत्याचा फोन आला. "आज त्यांचं पान वाढलं," ती म्हणाली. "पुरण केलं, वडे केले."

"कावळा आला का?"

"ते मागून. आधी दारात हुबी राह्यले अन् सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणलं, आजोबा, यावं."