डोळेमिट्याची तिसरी परीक्षा

अख्ख्या युद्धनौकेचा स्वयंपाक हा आचारी एकहाती सांभाळायचा, पण हातात पिस्तूल आलं की त्याची गाळण उडायची. नौदलात आचारी असो की कारकून, जहाजाच्या शिडीवरचा पहारा कुणालाच चुकत नाही. पहारा म्हटला की कमरेला पिस्तूल आलं आणि पिस्तूल म्हटलं की दरवर्षी नेमबाजीची परीक्षा. घोडा दाबायच्या आधीच याचे डोळे गच्च मिटत आणि गोळी मातीत जाई. नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी त्याचं नावच डोळेमिट्या ठेवलं होतं.

दोनदा तो नापास झाला. दुसऱ्या खेपेला घोडा दाबूनही गोळी सुटली नाही, तेव्हा हा शहाणा "उस्ताद, अडकलं वाटतं," म्हणत पिस्तुलासकट मागे वळला. उस्तादांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"मला मारतोस का रे? गोळी सुटली नाही तरी नळी समोरच! पुतळा होऊन उभा राहा. आतली गोळी कधीकधी उशिरा पेटते."

आता तिसऱ्यांदा नापास म्हणजे जहाजावरून उचलबांगडी, थेट दूरच्या तळावर. त्याच्या बायकोला या गावात नुकतीच कुठे मनासारखी नोकरी लागली होती.

"आजवर तुमच्या मागे फिरले," तिनं ठणकावलं. "या खेपेला मी बोचकी बांधणार नाही. बदली झाली तर एकटे जा."

ती बोलेल तसंच करणारी बाई होती, म्हणूनच त्याची झोप उडाली. पण बडबडून झाल्यावर शिकवणीही तिनंच घेतली. तो भिंतीवरच्या घड्याळावर लाटणं रोखून उभा राहायचा आणि ती मागून त्याच्या कानाशी ताट बडवायची. "मिटलेत! पुन्हा!" शेजाऱ्यांना वाटे, नवराबायकोचं रोज वाजतंय.

परीक्षेचा दिवस उजाडला. उस्ताद त्याच्या खांद्यामागेच उभे होते. पहिल्या गोळ्या निशाणावर लागल्या. डोळे उघडे होते, त्याचं त्यालाच खरं वाटेना. शेवटची गोळी राहिली. तेवढी लागली की सुटला.

त्यानं घोडा दाबला. नुसतं खट्ट वाजलं.

मान आपोआप मागे वळू लागली. सवयच ती, स्वयंपाकघरात काही बिघडलं की तो आधी मागे वळून कुणाला तरी हाक मारायचा. घाम डोळ्यात उतरला, हात भरून आला. समोर घड्याळ आहे, मागे ताट घेऊन ती उभी आहे, असं त्यानं मनाशी धरलं आणि तो पुतळा झाला.

आणि धाडकन बार उडाला.

गोळी निशाणाच्या मधोमध गेली होती. तो वळला असता तर ती उस्तादांच्या छातीत गेली असती. हे त्याला आत्ता कुठे कळलं. उस्तादांनी पुढे होऊन त्याच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, रिकामं केलं, पुन्हा एकदा तपासलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पास का, उस्ताद?" त्यानं भीत भीत विचारलं. "डोळे नाही ना मिटले?"

"तुझे नाही," उस्ताद हळूच म्हणाले. "माझे मिटले."