बोटीवर मागं राहिलेला

आमच्या कुशावहिनीला जन्मभर सगळ्यांच्या मागून चालायची सवय. लग्नाची वरात असो नाहीतर यवतचा बाजार करून घरी यायचं असो, ही आपली शेवटी. लोक म्हणायचे, गेणबाची बायको फार रेंगाळते. रेंगाळत नव्हती ती. ते तिचं काम होतं.

आम्ही खुटबावचे धनगर. आता आमच्या रानात कॅनॉलच्या पाण्यावर ऊस उभा आहे आणि पोरं मोटारसायकली उडवत हिंडतात. पण तेव्हा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आम्ही कोकणात उतरायचो. घोड्यांवर संसार, आणि मुक्काम पडेल तिथं वाडा. आमचा वाडा दगडमातीचा नव्हे. चार काठ्या, वाघर म्हणतात ती दोराची जाळी, तिच्यात मेंढरं आणि बाहेर तीन दगडांची चूल, झाला वाडा. सकाळी वाडा उठला की बापे मेंढरं घेऊन पुढं जायचे, बाया घोडी लादायच्या आणि घरातली एक बाई मागं थांबायची. तिनं रिकाम्या जागेभोवती फेरी मारायची, वारा पडेपर्यंत थांबायचं आणि हाक द्यायची. झुडपात झोपलेलं कोकरू, पाय मुरगळलेली मेंढी, जे कोणी मागं राहिलं असेल त्याच्यासाठी ती हाक. हाक मारली की चालू लागायचं, वळून बघायचं नाही. आपण वळलो की कोकरू थबकतं. आपण चालत राहिलो की मागून येतं.

आमच्या घरात हे काम आईकडून कुशावहिनीकडं आलं. तिच्या हाकेला नदीपलीकडची मेंढी ओ द्यायची. आई मोठी कुरकुरी, सुनेचं कौतुक तिच्या तोंडून कधी निघालं नाही. पण हाकेचा विषय निघाला की ती गप्प बसायची, आणि आईनं गप्प बसणं म्हणजे खूपच झालं.

गेणबा माझा थोरला भाऊ. एकदा खाडीच्या तोंडाशी वाडा बसला होता, तिथून त्यानं लांबवर चाललेली मोठी बोट पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं. धनगराच्या पोराला नेव्हीत कोण घेणार म्हणून सगळे हसले. नेव्हीनं घेतलं. तेही विमानं वाहून नेणाऱ्या बोटीवर! तिला नाव होतं, चांगलं मोठं नाव होतं, पण आमच्या घरात तिला कायम 'बोट'च म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणणार.

दादाचं काम डेकवर. विमानं ढकलून जागेवर लावायची, चाकांखाली ठोकळे सारायचे, साखळ्यांनी आवळून टाकायची. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत वहिनीनं विचारलं, "रातच्याला इमानं वाघरीत घालता व्हय?"

"वाघर न्हाई, साखळ्या असत्यात."

"म्हंजी तिथं बी मेंढरंच कोंडता. मंग हितली काय वाईट व्हती?"

सुट्टीवर आला की दादा वाडा कुठं बसलाय ते गावोगाव विचारत यायचा, आणि सकाळी वहिनीबरोबर मागं थांबायचा. नेव्हीतला गडी बायकोचा पदर धरून चालतो म्हणून आम्ही त्याची टर उडवायचो. त्याला कसली लाज. परत जाताना घोंगडं मात्र घरी ठेवून जाई. एकदा बोटीवर नेलं होतं, तर वासावरून सोबत्यांनी त्याला इतकं पिडलं की पुन्हा नेलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली बंगालच्या उपसागरात वादळ झालं. साखळ्या आवळायला गेलेला दादा परत आला नाही. एक लाट आली आणि गेली, एवढंच कुणीतरी पाहिलं. तार खुटबावला आली. मी शाळेसाठी गावात राहिलो होतो. ती तार खिशात घालून मी कोकणात वाडा शोधत गेलो.

आईनं ऊर बडवून घेतला. वहिनीच्या कडेवर तिची लेक प्रतिभा होती, नुकती चालायला लागलेली. वहिनी रडली नाही. तिनं विचारलं, "हाक कुनी मारली?"

कुणाला काही कळेना. उत्तर मिळालं ते सोपानराव आले तेव्हा. सोपानराव शिरूर तालुक्यातले, कवठे येमाईचे, दादाचे बोटीवरचे जोडीदार. त्यांनी सगळं सांगितलं. भोंगा वाजवला, बोट माघारी फिरवली, अंधार पडेपर्यंत होड्या शोधत होत्या. कुणी कसर ठेवली नाही.

"भोंगा वाजवला," वहिनी म्हणाली. "हाक न्हाई मारली."

"वहिनी, त्या वाऱ्यात हाक कुठं ऐकू जातीय?"

"मंग वारा पडल्याव मारायची."

दहावं उरकून घ्या म्हणून भावकीनं धोशा लावला. वहिनी ऐकेना, कुंकूही पुसेना. लोक म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या लोकांचा मला अजून राग येतो, कारण वहिनीचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा ठिकाणावर होतं. ती मला म्हणाली होती, "येडी न्हाई मी, भावजी. पाण्यात गेलेलं मानूस जित्तं ऱ्हात न्हाई, ठावं हाय मला. पन त्यो मागं राहिलाय. त्याला हाक मारून घरी आनल्याबिगर माती कशी द्यायची?"

हाक मारायची ती वाड्याच्या जागेवरून, आणि दादाचा वाडा म्हणजे बोट. ती आज या समुद्रात, उद्या त्या समुद्रात. आमच्या बाईला तिच्यावर कोण चढू देणार? वर्षामागून वर्षं गेली, वहिनी मेंढरांच्या मागून चालत राहिली. मी शिकून गुरुजी झालो. प्रतिभाचं लग्न झालं. आई दर पोळ्याला, दर दसऱ्याला एकच बोलायची, माझ्या लेकराला माती मिळाली नाही.

सत्त्याण्णव साली बोट निवृत्त झाली. सोपानराव तोवर पेन्शनीत निघून कवठ्याला डाळिंबं लावून बसले होते. ते आमंत्रण घेऊन आले, जुन्या माणसांनी कुटुंबासह यावं म्हणून. वहिनीनं ठेवणीतलं लुगडं काढलं. दौंडहून आम्ही गाडीला बसलो. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. आज हाक मारून होईल, उद्या घरी जाऊन दादाचं करू, आईचा जीव निवेल.

दुपारी सोपानरावांनी वहिनीला डेकवर, दादा जिथून वाहून गेला त्या जागेवर नेलं. ती ओणवी झाली आणि लोखंडावर हात ठेवून बसली. "लई तापलंय," एवढंच म्हणाली. वारा पडलेला होता. मी वाट बघत राहिलो. ती उठली आणि चालायला लागली.

"वहिनी, हाक?"

"बोट मोडनार न्हाईत म्हनं. लोकांना बघाया ठिवनार हायेत."

"मग?"

"मंग वाडा कुठं उठलाय अजून?"

संध्याकाळी बँड वाजला, झेंडा उतरला. सोपानराव एवढे धिप्पाड, पण हुंदके देऊन रडले. मी मात्र चिडलो होतो. परतीच्या वाटेवर वहिनीशी एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या वर्षी आई गेली, तिचं ते वाक्य तोंडात घेऊनच गेली. मी वहिनीपुढं आदळआपट केली.

बोट तशी उभी राहिली. शाळांच्या सहली बघायला जायच्या. मीही माझ्या शाळेची एक सहल नेली. पोरं डेकवर पळत होती, शेंगदाणे खात होती आणि कठड्याचे गंजाचे पोपडे नखानं काढत होती. तेव्हाच मला चिन्ह बरं दिसलं नव्हतं. पुढं डागडुजीला खर्च फार म्हणून लोकांना बंद झाली. सांभाळायला कुणी पुढं येईना. ज्यांनी तिच्यावर भाषणं ठोकली तेही कुठं दिसेनात. आणि एक दिवस सोपानराव यवतच्या फाट्यावर एस.टी.तून उतरले ते थेट आमच्या ओसरीवर येऊन बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भंगारात काढली, वहिनी. तोडायला सुरुवात बी झाली."

वहिनी शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"म्हातारी झाली म्हनून खाटकाला?"

आमच्यात कळपापुढं चालणारा मेंढा कितीही म्हातारा झाला तरी विकत नाहीत. तो घरी मरतो आणि रानात पुरला जातो. सोपानराव बागायतदार घरातले, त्यांना ही रीत माहीत नसावी, पण त्यांनी मान खाली घातली.

ते मागच्या दारी हातपाय धुवायला गेले, तेव्हा वहिनी माझ्याकडं न बघता बोलली. "तवाच मारायला पायजे व्हती, भावजी. त्या दिशी तोंडाव आली व्हती हाक. पन हाक मारली असती तर त्यो आला असता. आन् आला असता तर पुरावा लागला असता. माज्याच्यानं हुईना."

इतक्या वर्षांचा माझा राग त्या ओसरीवर गळून पडला. मला फार वाईट वाटलं.

आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. बोटी मोडायची जागा म्हणजे चिखल, तेल आणि लोखंडाचा ढीग. फाटकावरच्या माणसानं आत सोडलं नाही. सोपानरावांनी नेव्हीचं जुनं ओळखपत्र काढलं, तर तो म्हणाला, "अंकल, यहाँ रोज कोई न कोई नेव्हीवाला आता है रोने." कुंपणाच्या कडेनं चिखलापर्यंत जायला मात्र त्यानं हरकत घेतली नाही.

तिथून बोट दिसली. अर्धीच होती. पुढचा भाग कापून नेलेला. राहिलेल्या भागात आतले मजले उघडे पडले होते, जिने, पाइप, माणसं झोपायची त्या फळ्यासुद्धा. एखाद्याच्या घराची भिंत काढून आतला संसार रस्त्यावरून बघावा, तसं वाटलं. सोपानराव हात वर करून दाखवायला लागले, "ती बघा वहिनी, ती तिथं..." आणि हात तसाच राहिला. ते खाली बसले.

"गेली ती जागा. कापून नेली. उशीर झाला."

मलाही वाटलं, संपलं. वहिनीला धरायला पुढं झालो. तिनं माझा हात बाजूला केला.

"जागा गेली तर जाऊंद्या. हाक जाग्याला न्हाई, त्याला हाय. पन किती गलका ह्यो! वारा पडूंद्या जरा."

घण पडत होते, गॅसच्या ज्योती सूं सूं करत होत्या, क्रेन कण्हत होती. हा वारा कुठला पडायला, असं माझ्या मनात आलं. वहिनी एका दगडावर बसून राहिली. दुपारी मजुरांची जेवणाची सुट्टी झाली. घण थांबले, ज्योती विझल्या, माणसं डबे घेऊन सावलीला गेली. अचानक पाण्याची चुळकचुळक ऐकू यायला लागली. वहिनी उठली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि त्या मोडक्या लोखंडाकडं तोंड करून तिनं हाक दिली.

"अवंऽऽ, चलाऽऽ! वाडा उठलाऽऽ!"

पन्नाशी उलटलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. कोकणातल्या टेकाडावरून यायचा तोच होता. जेवणारे मजूर माना वर करून बघायला लागले. एकानं विचारलं, "किसको बुला रही हैं माताजी?"

"घरवाले को," सोपानराव म्हणाले. त्या माणसानं हातातला घास डब्यात परत ठेवला.

वहिनीनं दुसरी हाक मारली नाही. "चला फुडं. मागं बघू नगा," म्हणाली. मी पुढं, माझ्यामागं सोपानराव, सगळ्यांत मागं ती. वळून बघावं असं मला इतकं वाटत होतं की मान आखडून गेली. गाडीत, एस.टी.त, फाट्यापासूनच्या वाटेवर, कुठंच कुणी मागं वळलं नाही. घराच्या पायरीशी वहिनी बाजूला सरली, पाहुण्याला आधी आत जाऊ द्यावं तशी. मग अंगणात बसली आणि गळ्यातलं मंगळसूत्र स्वतःच्या हातानं काढलं.

"आला," ती म्हणाली. "आता त्याचं करा."

आईच्या शेजारी, रानात खड्डा घेतला. प्रतिभा सासरहून आली. बायांनी रानात येऊ नये असं भावकीतलं कुणीतरी पुटपुटलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही. ठेवायला दादाचं काहीच नव्हतं, म्हणून वहिनीनं त्याचं घोंगडं आणलं. दरवर्षी उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला घालून तिनं ते जपलं होतं. ते मांडीवर घेऊन ती थोडा वेळ बसली. मग घडी सारखी केली आणि आत ठेवलं. प्रतिभा रडली, बापाचा चेहराच आठवत नाही म्हणून रडली. मूठमूठ माती टाकताना मीही रडलो.

परत निघालो. पुढं आम्ही सगळे, आणि नेहमीप्रमाणं शेवटी वहिनी. बांधापाशी तिची पावलं थांबली, तसे आम्हीही थांबलो. कुठल्याही जागेवरून हाक मारल्याशिवाय तिनं कधी पाय काढला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. ती वळली. त्या ओल्या मातीकडं तिनं बघितलं. वारा पडलेला होता. तिनं तोंड उघडलं.

आणि मिटलं.

"चला," ती म्हणाली, आणि आम्हाला ओलांडून पुढं चालायला लागली.