कपाटाच्या दाराआडचे आकडे

सकाळी धुकं असं दाटलं होतं, की समोरची गल्ली कुणी पुसून टाकल्यागत वाटत होती. मोजणीबाईनं दवाखान्याचं शटर वर ढकललं, बाकांवरून ओलं फडकं फिरवलं आणि रक्तदाबाच्या यंत्रात नवे सेल घातले. नोकरी नर्सची, पण गल्लीत तिला तसं कुणी म्हणत नसे. दिसेल त्याचा दंड धरून पट्टा आवळायची तिला खोड, म्हणून मोजणीबाई.

आज तिचाच दाब वाढायची वेळ आली होती. ज्या संस्थेच्या अनुदानावर इथली मोफत औषधं चालत, तिथल्या मॅडम येणार होत्या. संस्थेचं पत्र आधीच आलं होतं: दोन वर्षांत रुग्ण निम्म्यावर आले आहेत, तर अनुदान चालू का ठेवावं?

मॅडम आल्या, त्यांनी रजिस्टर उघडलं. "अर्धी पानं कोरी आहेत. लोक येईनासे झालेत, हे खरं ना?"

"खरं आहे," मोजणीबाई म्हणाली. शेजारी उभ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तशी ती पुढं म्हणाली, "मीच जाते ना त्यांच्याकडे. दुखरे गुडघे घेऊन चार जिने उतरायचे, इथं दोन तास ताटकळायचं, मग दाब वाढेल नाही तर काय होईल?"

"मग त्या भेटींची नोंद कुठाय?"

"ज्याची त्याच्या घरी. स्वयंपाकघरातल्या कपाटाला, दाराच्या आतून."

मॅडमनी चष्मा काढला.

"आधी कार्डं दिली होती हो. एकीनं त्यात लसूण बांधून ठेवला, एकानं टेबलाच्या पायाखाली सरकवलं. चहाची पूड काढायला कपाट मात्र रोज उघडावंच लागतं. आकडा दिसला की गोळी आठवते."

"हे अहवालात का नाही लिहिलंत?"

"दवाखान्यात किती आले, एवढंच फॉर्मात विचारलं होतं. विचारलं तेवढं लिहिलं."

"मला तरी सांगायचंस," डॉक्टर पुटपुटले. "मला वाटायचं, नुसती विचारपूस करून येतेस."

"दाखवा," मॅडम उठल्या. डॉक्टरही मागोमाग निघाले.

चौथ्या मजल्यावर कुलूपवाले काका राहत. सुनेनं दार उघडलं, स्वयंपाकघरात नेलं. कपाट नुकतंच हिरवंगार रंगवलेलं. दार उघडलं, तर आतल्या बाजूला वीतभर चौकोन जुनाच पिवळा. त्यावर पेन्सिलीनं एकाखाली एक आकडे. वर एकशे ब्याऐंशी, उतरत उतरत तळाशी एकशे चौतीस.

"रंगाऱ्याला बजावलं होतं," सून म्हणाली, "तेवढ्याला ब्रश लावलास तर जिन्यावरून खाली धाडीन."

"अख्ख्या घरात माझ्या नावावर तेवढीच जागा आहे, मॅडम," काका खुर्चीतून म्हणाले. "ती पण बंद करायला आलात?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "पुढचं घर."

दुपारपर्यंत अकरा घरं झाली. एका दारावरचे आकडे मध्येच चढले होते. "तेव्हा आमचे हे गेले," ती बाई म्हणाली. "मोजणीबाई रोज येऊन बसायची, मगच उतरले." शेवटच्या जिन्यावर धापा टाकत मॅडमनी विचारलं, "अशी एकूण दारं किती?"

"त्रेचाळीस."

"आधी वर्षाला चार-पाच जणांना अर्धांगवायूचा झटका यायचा," डॉक्टर म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "ह्या दोन वर्षांत एकालाही नाही."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. डॉक्टरांनी ते दवाखान्यात उभ्यानं वाचलं: अनुदान आणखी तीन वर्षं, जोडीला दुसरी नर्स, आणि संस्थेच्या सगळ्या दवाखान्यांच्या फॉर्मात नवा रकाना, घरी जाऊन तपासलेले रुग्ण. बाकावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. काका वर्षभरानं पहिल्यांदाच खाली उतरले होते, भिंतीला टेकून, छाती काढून सांगत होते, "बघा, माझ्या कपाटानं मिळवून दिलं."

मोजणीबाईनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि काकांना बाकावर बसवलं.

"बाही वर घ्या. आणि तोंड मिटा जरा, बोललं की आकडा चढतो."