विहिरीची नोंद

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत पोस्टमन रोज येत नाही, हे केशवरावांना चांगलं ठाऊक होतं. तरी सकाळपासून त्यांच्या फाटकाशी खेपा चालूच. "अहो, बिजागऱ्या झिजतील," प्रेमलताबाई आतून म्हणाल्या. बायकोचं ऐकतील तर ते केशवराव कसले? काटोलकडून चंपतरावांची पत्रं यायची बंद झाली होती, आणि चंपतरावांवाचून ज्ञानकोशाचं घोडं पुढे सरकणार नव्हतं.

हे खूळ तसं जुनं. केशवराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, चंपतराव संत्र्याच्या बागेतले. दोघांची गाठ पडली एका व्याख्यानाला. फ्रान्सातल्या विचारवंतांनी अडीचशे वर्षांपूर्वी एकमेकांना पत्रं लिहून लिहून ज्ञानकोश कसा उभा केला, हा विषय. राजाची बंदी, पाद्र्यांचा राग, आपसातले रुसवे, सगळं त्या पत्रांत. बाहेर चहा पिताना चंपतराव म्हणाले, "आपल्या इकडचं असं कोनी काहून नाई लिहत गा?" झालं, तिथून यांची पत्रं सुरू झाली. पोराबाळांची चौकशी फोनवर, कोशाचं मात्र कागदावरच. एकाने नोंद लिहायची, दुसऱ्याने खाली 'पाहिलं' लिहायचं, मगच ती इतवारीतल्या छापखान्यात जायची.

त्या फ्रान्सवाल्यांची एक गोष्ट केशवराव येईल त्याला ऐकवत. छापणाऱ्याने भीतीपोटी संपादकाच्या पाठीमागे मजकूर कापला होता. ते कळल्यावर संपादकाने त्याला जे पत्र लिहिलं, ते सांगताना केशवरावांचा आवाज चढायचा. आणि हेच केशवराव काय करून बसले, तर चंपतरावांची 'विहीर' ही नोंद त्यांनी गुपचूप छाटली.

नोंद झकास होती. मोट, तिचं पाणी पडायचं ते थारोळं, उन्हाळ्यातली पाण्याची चव. शेवटी मात्र लिहिलं होतं की गावातल्या काही लोकांना या विहिरीला शिवू देत नसत, ते घागरी घेऊन उन्हात उभे राहत, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. केशवरावांना वाटलं, कशाला खपली काढायची? लोक चिडतील, कोश राहील बाजूला. त्यांनी तेवढा भाग काढून टाकला, खाली 'पाहिलं' लिहिलं आणि नोंद धाडून दिली. छापखान्याने तपासणीसाठी पानं चंपतरावांना पाठवली. तेव्हापासून पत्र नाही आणि फोनही नाही.

"तुमच्या त्या कापाकापी करणाऱ्याचं नाव काय हो?" जेवताना प्रेमलताबाईंनी अगदी सहज विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं, हे केशवरावांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. इतकी लाज त्यांना स्वतःची कधी वाटली नव्हती. हात धुऊन तसेच निघाले, हातगाड्या अन् टेम्पोंतून वाट काढत इतवारी गाठली आणि ते पान थांबवलं. छापखानेवाला कुरकुरला. "चूक माझीच आहे," केशवराव म्हणाले, "पण पान असं जाणार नाही." सगळी वाक्यं जागच्या जागी बसल्यावरच ते हलले. संध्याकाळी नवं पान सोबत जोडून चंपतरावांना घडलं ते सरळ लिहून टाकलं, काही लपवलं नाही.

मग पुन्हा फाटक. आता तर पायाला भिंगरीच लागली होती. चंपतरावांनी कोश सोडला तर आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही, एवढंच डोक्यात.

पत्र आलं तेव्हा त्यांनी ते रस्त्यावरच फोडलं.

"केशवराव, पान पाहिलं. पन अजून एक वाक्य टाका. थे विहीर माह्या आजाची होती. लहानपनी त्यांच्या घागरीत वरून पानी म्या बी ओतलं. नावानिशी टाका, मी भेत नाई. आन् महाल भागातल्या तुमच्या जुन्या घरामांगं बी विहीर होती, तुमीच सांगतलं होतं मले. तिची नोंद काहून नाई लिहून राहिले गा?"

केशवराव तिथेच उभे राहिले. मागची गल्ली झाडणारी भीमाबाई त्यांना आठवली. परसदारी घागर ठेवून ती लांब उभी राहायची. आई कधी लगेच यायची पाणी घालायला, कधी सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर.

ते आत गेले, कोरा कागद घेतला आणि नोंदीत सगळ्यात आधी आईचं नाव लिहिलं.