तित्तराला रेल्वेची शिट्टी

"तेवीस, मॅडम! एकाच सकाळी तेवीस रंगीत तित्तर! पेपरवाल्यांना कळवू का?" डॉक्टर फोनवर ओरडत होते.

"थांबा. आधी रेकॉर्डिंग ऐकते."

"ऐकायचं काय त्यात? आम्ही ऐकलेत की!"

हे डॉक्टर दातांचे. शहरात मस्तगड भागात दवाखाना, आणि आमच्या निसर्गप्रेमी स्वयंसेवकांच्या गटाचे अध्यक्ष. गळ्यात तोफेएवढी लेन्स, अंगावर जंगलात लपायचे हिरवे कपडे, आणि आवाज असा की दोन शेतं पलीकडच्या बैलानं मान वर करावी. मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते आणि फुकटात रिव्ह्यूअर आहे. म्हणजे हौशी लोक ॲपवर पक्ष्यांच्या नोंदी टाकतात, त्या खऱ्या की थापा, हे मी तपासते. पगार नाही. शिव्या मात्र वेळेवर मिळतात.

या नोंदींवर एका गावाचं गायरान अडलं होतं. टेंभुर्णीच्या पुढं एक गवताळ माळ आहे. एका कंपनीला तिथं झाडं लावायची होती. तारेचं कुंपण, दाट झाडी, मोठा बोर्ड आणि बोर्डाखाली साहेबांचा फोटो. गवत म्हणजे वाया गेलेली जमीन, असा या शहाण्यांचा समज. गवतात राहणारा पक्षी दाट झाडीत राहत नाही, असं सांगितलं की म्हणतात, 'मॅडम, निगेटिव्ह बोलू नका.' तरी त्यांच्या साहेबानं एवढं कबूल केलं होतं, की ग्रामसभेआधी पक्ष्यांचा भरवशाचा रिपोर्ट द्या, जागा बदलायचा विचार करू.

गावच्या सरपंच पार्वताबाई. घरची मेंढरं. त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, तार पडली का आमची मेंढरं रस्त्यावर. मला काय पक्ष्याचं कौतिक न्हाई. पण तो निघाला तर आमचं गवत वाचतंय. निघू द्या बाप्पा एकदाचा!"

मी हेडफोन लावला. रंगीत तित्तर पावसाळ्यात गवतातून ओरडतो, दिसत सहसा नाही. म्हणून त्याची गणना कानानंच होते. पहिली नोंद लावली. खणखणीत ओरड, आणि तिच्यामागं लांबून रेल्वेची शिट्टी. दुसरी लावली. ओरड, शिट्टी. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. टेंभुर्णीकडं रेल्वे नाही. माणसं वाट बघून म्हातारी झाली, आणि तित्तरांना बरी आधी मिळाली!

मी काळे सरांना फोन लावला. बँकेतून रिटायर झालेले, गणनेतल्या दुसऱ्या टीमचे प्रमुख.

"सर, प्लेबॅक लावला होता का?"

प्लेबॅक म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर वाजवायचा. हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून खरा पक्षी चिडतो आणि उत्तर देतो. विणीच्या दिवसांत त्याला असा छळू नये. गणनेत तर मी साफ बंदी घातली होती.

"थोडासा," काळे सर म्हणाले. "डॉक्टरांनी ग्रुपवर क्लिप टाकली होती ना. पण काय रिस्पॉन्स, मॅडम! आम्ही पूर्वेकडून निघालो, डॉक्टर पश्चिमेकडून. जसजसे मधे गेलो तसतसा पक्षी जवळ येत गेला!"

"आणि मधे भेटल्यावर?"

"चहासाठी दोघांनी स्पीकर बंद केले. पक्षीही एकदम चिडीचूप. मी रिमार्क लिहिलाय, मानवी हस्तक्षेपामुळे शांत."

शिट्टी त्या क्लिपमधलीच होती. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा! शिकली-सवरलेली माणसं दोन टोकांनी स्पीकर वाजवत निघाली आणि एकमेकांना तित्तर म्हणून मोजत आली! वर चहा प्याली.

मी तेवीसच्या तेवीस नोंदी रद्द केल्या. डॉक्टर तणतणत आले. "चांगल्या कामासाठी थोडं इकडं-तिकडं चालतं, मॅडम!"

"तुम्ही चांगल्या कामासाठी न किडलेला दात उपटता का?"

त्यांचं मला काही वाटलं नाही. पार्वताबाईंचं बोलणं मात्र लागलं. त्या फोनवर भडकल्याच. "तेवीस लिवले ना त्याह्यनं? मंग राहू द्या की! तुमच्या खरेपणानं माझी मेंढरं पोट भरत्यात का?"

"बाई, हेच रेकॉर्डिंग कंपनी आपल्या जाणकाराला ऐकवणार. शिट्टी त्यालाही ऐकू येईल. मग खरा पक्षी समोर नाचला तरी आपल्यावर कोण विश्वास ठेवील?"

"मंग जल्दी करा काय ते. सभा तोंडावर आली."

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना माळावर नेलं. स्पीकर आणि फोन काढून माझ्या गाडीत कोंडले. म्हटलं, बसा आणि तोंड बंद ठेवा. डॉक्टरांना ते जमेना. आधी खोकले, मग लेन्सची किंमत सांगू लागले. शेवटी त्यांना गाडी राखायला पाठवलं. महत्त्वाची जबाबदारी आहे म्हटल्यावर खुशीत गेले.

उजाडलं. गवत दवानं ओलं होतं. काहीच आवाज येईना. खरंच एकही नसला तर? आणि मग बोरीच्या जाळीतून एक ओरडला. पाठोपाठ नाल्याकडून दुसरा. ऊन चढेपर्यंत चार वेगवेगळ्या जागांवरून चार नर झाले. शिट्टी एकाच्याही मागं नव्हती. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

ग्रामसभेत साहेबानं रिपोर्ट उलटापालटा केला. "फक्त चार? डॉक्टर तर तेवीस म्हणाले होते." डॉक्टरांनी माझ्याकडं 'बघा, सांगत होतो' असं पाहिलं. मी समजावलं, की ओरडणारे चार नर म्हणजे आसपास माद्या आणि घरटीही असणार. साहेबानं जांभई दिली. "चार पक्ष्यांसाठी एवढा प्रोजेक्ट हलवायचा?"

पार्वताबाई उठल्या. "साहेब, आमच्या वरच्या वस्तीला बी चारच घरं हायेत. उद्या तिथं खड्डे खोदता का? गायरान गावाचं हाय. ज्याह्यला तार नको त्याह्यनं हात वर करा बरं."

साहेब हात मोजायला लागला आणि त्यानं मधेच सोडून दिलं. झाडं शेवटी जुन्या खदानीच्या कडेला लागली. बोर्ड ठरला होता तेवढाच मोठा लागला. मेंढरं माळावर चरतायत.

या धंद्यात मी एवढंच शिकले, की मोजायला जाताना आपला आवाज घरी ठेवून जावं. बरेच लोक नेमका तोच मोजून येतात.

सभेनंतर डॉक्टर हळूच जवळ आले. "मॅडम, त्या माळावरची पहिली नोंद कुणाच्या नावावर लागणार?"

"तित्तराच्या," मी म्हटलं.