जत्रेतली लाली

स्वस्त पावडरीचा वास आला की ती दुपार आठवते. सोलापुरातल्या आमच्या घरी मला बघायला पाहुणे येणार होते. वहिनीनं जत्रेतल्या पत्र्याच्या डबीतली लाली माझ्या गालांवर चोळली, अंगणात नेऊन पाहिली, पुसली, पुन्हा लावली. "त्या बाया पोरीला उन्हात नेऊन बघत्यात की!" माझ्यापेक्षा तिचाच जीव खालीवर होत होता. पाहुणे दारात दिसले तशी तिनं घाबरून सगळी लाली खसाखसा पुसून टाकली. थोड्या वेळानं मुलाच्या आत्यानं खरंच मला अंगणात नेलं आणि ओल्या पदरानं माझा गाल घासला. पदर कोराच राहिला. गाल मात्र पुसून पुसून लालबुंद. "लाली अंगचीच हाय की," आत्या खूश झाली. लग्न ठरलं. अजूनही कुणी उन्हात बोलावलं की माझा हात आधी गालावर जातो.